मुलींचाही ताळेबंद मांडा!

जागतिक आर्थिक मंच २००६ पासून स्त्री-पुरुष तफावतीचा अहवाल प्रसिद्ध करतो. २०२५ च्या अहवालात १४८ देशांमध्ये भारताचा क्रमांक १३१ वा लागला. त्याच्या आदल्या वर्षी तो १४६ देशांत १२९ वा होता. अशी बातमी एक दिवस छापून येते, एक संध्याकाळ वाहिन्यांवर आरडाओरड होते आणि दुसऱ्या दिवशी सगळे विसरतात. आपला कार्यकर्ताही ती बातमी वाचतो आणि म्हणतो, हे गोऱ्या लोकांचे, मोठ्या लोकांचे खेळ. पाथर्डीच्या ऊसतोड बाईला या १३१ चे काय? प्रश्न खरा आहे. पण त्याचे उत्तर 'काहीच नाही' असे दिले जाते, ते आम्हाला मान्य नाही. आकडा हे राज्यकर्त्यांचे शस्त्र आहे. शत्रूच्या हातातले शस्त्र आपल्याला वाचता येत नसेल, तर आपण घोषणा देत राहू आणि तो अंदाजपत्रक मांडत राहील.

म्हणून आज आम्ही या विषयाकडे वाचकांचे लक्ष वेधत आहोत, आणि त्यासाठी जिनिव्हाला जाण्याची गरज नाही. आपला नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर जिल्हा, पुरेसा आहे.

प्रथम हे आकडे काय मोजतात ते पाहू. १९९५ साली बीजिंगला स्त्रियांची जागतिक परिषद झाली. त्याच वर्षी संयुक्त राष्ट्रांच्या मानव विकास अहवालात स्त्री-पुरुष विषमतेचे निर्देशांक पहिल्यांदा आले. २०१० मध्ये त्यांच्याच लिंगभाव विषमता निर्देशांकात बाळंतपणातील मृत्यू, अल्पवयीन मुलींची बाळंतपणे, संसदेतील जागा, माध्यमिक शिक्षण आणि श्रमातला वाटा यांची सांगड घातली गेली. आर्थिक मंचाचा अहवाल चार गोष्टी पाहतो : अर्थव्यवहारातील सहभाग, शिक्षण, आरोग्य व जगण्याची संधी, आणि राजकीय सत्ता. २०२५ मध्ये भारताला शंभरपैकी ६४.१ गुण मिळाले.

हा अहवाल अंतर मोजतो, पातळी नव्हे, हे इथे ध्यानात घ्यावे. एखाद्या देशात पुरुषही उपाशी आणि बाईही उपाशी असेल तर अंतर शून्य येते आणि गुण पूर्ण मिळतात! त्यातून एक चांगली गोष्ट निघते. गरिबीची सबब चालत नाही. रवांडा आपल्यापेक्षा गरीब देश. पण २००३ च्या राज्यघटनेत त्यांनी स्त्रियांसाठी किमान ३० टक्के जागा लिहून ठेवल्या आणि आज त्यांच्या लोकप्रतिनिधीगृहात निम्म्याहून अधिक स्त्रिया आहेत. आपला शेजारी बांगलादेश २०२५ च्या यादीत २४ वा आहे. मात्र इथेही सावध राहावे. या क्रमांकात गेल्या पन्नास वर्षांत देशाच्या प्रमुखपदी स्त्री किती वर्षे होती याचेही गुण असतात, आणि बांगलादेशात ती वर्षे पुष्कळ आहेत. त्यामुळे ढाक्याच्या शिलाई कारखान्यातल्या मुलीची मजुरी वाढली असे सिद्ध होत नाही. आकडा खोटा नसतो, पण तो ज्या प्रश्नाचे उत्तर आहे तोच प्रश्न आपण विचारला आहे का, हे तपासावे लागते.

काही मंडळी म्हणतील, आंबेडकरी चळवळीचा आणि या हिशेबाचा संबंध काय? संबंध असा आहे की स्त्री-पुरुषांच्या संख्येचा आणि जातीचा धागा जगाला प्रथम उलगडून दाखवला तो बाबासाहेबांनीच. ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या जातीविषयक निबंधात पंचवीस वर्षांच्या भीमरावांनी मांडले की, जात म्हणजे जातीतच लग्न. आणि जातीतच लग्न टिकवायचे तर जातीतल्या लग्नाच्या स्त्री-पुरुषांची संख्या सारखी राहिली पाहिजे. नवरा मेला की बाई 'जादा' होते. ती जातीबाहेर लग्न करील म्हणून तिला जाळा, नाहीतर तिचे केशवपन करून कोपऱ्यात बसवा. बायको मेली की पुरुष जादा होतो. त्याला जाळता येत नाही, म्हणून त्याच्यासाठी खालच्या वयोगटातली पोरगी आणा. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह या तीन रूढी कोणत्या पवित्र ग्रंथातून नव्हे, तर बेरीज-वजाबाकीतून समजून घेता येतात हे बाबासाहेबांनी दाखवले. पुढे १९४२ साली नागपूरच्या महिला परिषदेत त्यांनी सांगितले की समाजाची प्रगती आपण त्या समाजातील स्त्रियांच्या प्रगतीवरून मोजतो. 'मोजतो' हा शब्द आपण सभेत टाळ्यांसाठी वापरतो, पण त्यातला अर्थ विसरतो.

आता आपल्या जिल्ह्याचा हिशेब मांडू. २०११ च्या जनगणनेत जिल्ह्याची लोकसंख्या ४५ लाख ४३ हजार होती. हजार पुरुषांमागे ९३९ स्त्रिया होत्या. हा आकडा फार भयंकर दिसत नाही, कारण त्यात म्हाताऱ्या बायका मोजल्या आहेत. ज्या काळात गर्भातले लिंग कळत नव्हते त्या काळात जन्मलेल्या बायका. खरा आकडा सहा वर्षांच्या आतल्या मुलांचा. २००१ साली जिल्ह्यात हजार मुलांमागे ८८४ मुली होत्या. २०११ साली ८५२ राहिल्या. निसर्गाच्या नियमाने हजार मुलांमागे साडेनऊशेच्या आसपास मुली जन्मतात. म्हणजे हजारामागे सुमारे शंभर मुली कमी. जिल्ह्यात त्या वेळी या वयाची पाच लाखांहून जास्त मुले होती, हे धरले तर पंचवीस हजारांहून अधिक मुली हिशेबातून गायब आहेत. मुलींनी भरलेले एक अख्खे तालुक्याचे गाव नकाशावरून पुसले गेले आणि कुणाही पोलीस ठाण्यात फिर्याद नाही!

कुणी म्हणेल, हे अडाणीपणामुळे होते. आकडे याच्या उलट सांगतात. २००१ साली गडचिरोलीत हजार मुलांमागे ९६६ मुली होत्या, कोल्हापुरात ८३९ आणि सांगलीत ८५१. ज्यांना 'मागास' म्हणून हिणवले जाते त्या आदिवासींच्या जिल्ह्यात मुलगी जगली, आणि जिथे ऊस, दूध, बँका, इंजिनिअरिंग कॉलेजे आणि सहकार सम्राट, तिथे ती जन्माला येण्याआधीच मेली. नगर जिल्हा तर सहकाराची जन्मभूमी म्हणवतो. प्रवरानगरला सहकारी साखर कारखान्याचा पाया घातला गेला तो इथेच. पैसा आला, डांबरी रस्ता आला, त्याच रस्त्याने सोनोग्राफीचे यंत्रही आले. जमीन वाटली जाऊ नये, हुंडा द्यावा लागू नये आणि कुळाचे नाव चालावे, या तिन्ही मनुवादी इच्छा त्या यंत्राने पूर्ण केल्या. गर्भलिंग चाचणीवर बंदीचा कायदा देशात सर्वांत आधी १९८८ साली महाराष्ट्राने केला. कायद्यात पहिला नंबर आणि मुलींच्या बाबतीत ही दशा! २०११ साली शेजारच्या बीडमध्ये हा आकडा ८०७ वर आला होता.

याची फळे आता दिसत आहेत. डिसेंबर २०२२ मध्ये सोलापुरात तरुण मुंडावळ्या बांधून, घोड्यावर बसून, नवरी मिळत नाही म्हणून जिल्हाधिकारी कार्यालयावर गेले. लोक हसले. आम्हाला हसू आले नाही. १९१६ साली बाबासाहेबांनी मांडलेले गणित उलट दिशेने पुन्हा सुटत आहे. मुली कमी झाल्या म्हणून जातीचे कुंपण सैल होईल असे काही विद्वानांना वाटत होते. प्रत्यक्षात कुंपणावर पहारा वाढला. याच जिल्ह्यात सोनईला जानेवारी २०१३ मध्ये आंतरजातीय प्रेमसंबंधाच्या रागातून मेहतर समाजातील तीन तरुणांची हत्या झाली. खर्ड्याला २०१४ मध्ये शाळेत शिकणाऱ्या दलित मुलाचा खून झाला आणि २०१७ मध्ये सत्र न्यायालयातून आरोपी निर्दोष सुटले. सरकारी रकान्यात तो खून आहे, खुनी मात्र कुणीच नाही. स्त्रीच्या निवडीवरचा पहारा आणि दलिताच्या गळ्यावरची सुरी या दोन वेगळ्या गोष्टी नाहीत.

शिक्षणाचे पाहा. १८४८ च्या सुमारास जोतीराव फुले नगरला आले, मिस फॅरार यांच्या मुलींच्या शाळा त्यांनी पाहिल्या आणि पुण्यात मुलींची शाळा काढण्याची प्रेरणा घेऊन गेले. ज्या नगरने जोतीरावांना ही दिशा दाखवली, त्या जिल्ह्यात २०११ साली पुरुषांची साक्षरता सुमारे ८७ टक्के आणि स्त्रियांची ७१ टक्के होती. सत्तेचे पाहा. जिल्ह्यात विधानसभेच्या बारा जागा. २०२४ च्या निवडणुकीत त्यापैकी एका जागेवर स्त्री निवडून आली. राज्यात २८८ मध्ये २१, लोकसभेत ५४३ मध्ये ७४. ग्रामपंचायतीपासून जिल्हा परिषदेपर्यंत महाराष्ट्रात निम्म्या जागा स्त्रियांच्या आहेत, कारण तिथे कायद्याने सक्ती केली. जिथे सक्ती नाही तिथे बारात एक. गुणवत्तेच्या नावाने आरक्षणाला नाके मुरडणाऱ्यांनी हा फरक डोळे उघडून वाचावा.

इथपर्यंत बाई ही एकच जात असल्यासारखे आम्ही आकडे मांडले, कारण सरकार ते तसेच देते. आमचा खरा आक्षेप इथे आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण जिल्ह्याजिल्ह्याचे पत्रक काढते. त्यात रक्तक्षय, बालविवाह, बाळंतपण सगळे असते. पण जिल्ह्याच्या पत्रकात जात नसते. राज्यात २०१९-२१ मध्ये २० ते २४ वयाच्या स्त्रियांपैकी २१.९ टक्के मुलींचे लग्न अठराच्या आत झाले होते आणि ५४ टक्के स्त्रियांना रक्तक्षय होता. यातल्या मातंग किती, बौद्ध किती, पारधी किती, अकोल्याच्या महादेव कोळी किती? जिल्ह्याच्या पानावर उत्तर नाही. संयुक्त राष्ट्रांच्या महिला संघटनेने २०१८ साली आपल्याच सर्वेक्षणाच्या आधारे दाखवले की भारतात दलित स्त्रीचे मृत्यूसमयीचे सरासरी वय ३९.५ वर्षे आणि उच्चवर्णीय स्त्रीचे ५४.१ वर्षे आहे. हे आयुर्मान नव्हे, मरणाऱ्यांच्या वयाची सरासरी आहे, हे आम्ही मुद्दाम सांगतो. कारण चुकीचा आकडा फेकला तर समोरचा आपल्याला एका वाक्यात गप्प बसवतो. पण योग्य अर्थ लावूनही साडेचौदा वर्षांचा फरक उरतोच. देशाच्या एका सरासरीत या दोन बाया एकत्र मिसळल्या की हा फरक दिसेनासा होतो. सरासरी हे ब्राह्मणी व्यवस्थेचे सर्वांत सभ्य हत्यार आहे!

उलट, मोजले की काय होते तेही पाहा. बीड आणि आपल्या पाथर्डी, शेवगाव, जामखेड या पट्ट्यातून लाखो मजूर ऊसतोडीला जातात. बायांच्या पिशव्या काढल्या जातात हे तांड्यांवर आणि वस्त्यांवर सगळ्यांना ठाऊक होते. मुकादमाला खाडा चालत नाही, डॉक्टरला पैसे मिळतात, बाई गप्प राहते. जोपर्यंत ते ठाऊक होते पण मोजलेले नव्हते, तोपर्यंत ती अफवा होती. २०१९ मध्ये सरकारी समितीसाठी बीड जिल्ह्यात ८२,३०९ ऊसतोड स्त्रियांची पाहणी झाली आणि १३,८६१ जणींचे गर्भाशय काढलेले आढळले. सहाजणींत एक! देशात १५ ते ४९ वयोगटात हे प्रमाण शंभरात सुमारे तीन आहे. आकडा आल्यावर विधिमंडळाला बोलावे लागले, शस्त्रक्रियेआधी परवानगीचे नियम करावे लागले. न्याय पूर्ण झाला असे आम्ही म्हणणार नाही. पण जी गोष्ट कुजबुजीत होती ती दप्तरात आली. आमची मागणी आहे की नगर जिल्ह्यातल्या ऊसतोड स्त्रियांची अशीच पाहणी व्हावी आणि ती जातवार प्रसिद्ध व्हावी.

सरकारला मोजता येत नाही, हे आम्ही ऐकून घेणार नाही. २०२४ साली निवडणूक तोंडावर असताना लाडकी बहीण योजनेत काही महिन्यांत दोन कोटींहून अधिक स्त्रियांची नोंद झाली. मत हवे असले की बाई मोजता येते. हक्क द्यायचा असला की सर्व्हर बंद पडतो. २०२१ ची जनगणना कोरोनाच्या नावाखाली लांबली आणि लांबतच गेली. १८८१ पासून दर दहा वर्षांनी होणारी मोजणी पहिल्यांदा चुकली. आता १ मार्च २०२७ ही संदर्भ तारीख जाहीर झाली आहे आणि जातींचीही गणना होणार असे सरकारने २०२५ मध्ये सांगितले. दरम्यान २०२३ मध्ये वाजतगाजत मंजूर झालेले लोकसभा-विधानसभेतील महिला आरक्षण जनगणनेला आणि मतदारसंघांच्या पुनर्रचनेला बांधून ठेवण्यात आले. मोजणी लांबवणे म्हणजे हक्क लांबवणे, याचा याहून मोठा पुरावा कोणता? आणि त्या कायद्यात अनुसूचित जाती-जमातींच्या स्त्रियांना वाटा आहे, ओबीसी स्त्रियांना नाही. का नाही, तर म्हणे आकडे नाहीत. आकडे आधी घ्यायचे नाहीत आणि मग आकडे नाहीत म्हणून वाटा द्यायचा नाही, ही जुनीच चाल आहे.

आकड्यांचे सोंगही ओळखले पाहिजे. बेटी बचाओ, बेटी पढाओ ही योजना २०१५ साली ज्या शंभर जिल्ह्यांत सुरू झाली त्यात नगर होता. संसदेच्या समितीने २०२१ मध्ये दाखवून दिले की २०१६ ते २०१९ या काळातला त्या योजनेचा सुमारे ७९ टक्के पैसा जाहिरातीवर गेला. मुलगी भिंतीवर वाचली. ६ मे २०२५ रोजी अहिल्यादेवींच्या त्रिशताब्दीनिमित्त त्यांच्या जन्मगावी चौंडीला राज्य मंत्रिमंडळाची बैठक झाली. जिल्ह्याला कर्तबगार स्त्रीचे नाव मिळाले याचा आम्हाला आनंदच आहे. पण नाव पाटीवर आणि मुलगी कचऱ्यात, असे होणार असेल तर तो त्या माऊलीचा अपमान आहे.

मग कार्यकर्त्यांनी काय करायचे? या जिल्ह्याने देशाला एक गोष्ट शिकवली आहे. हिवरे बाजारला दरवर्षी पाण्याचा ताळेबंद मांडतात. पाऊस किती पडला, विहिरीत किती आहे, कोणते पीक घ्यायचे, हे गाव एकत्र बसून ठरवते. पाण्याचा ताळेबंद होतो तर मुलींचा का होऊ नये? ग्रामपंचायतीच्या जन्म-मृत्यू नोंदवहीतून मागच्या पाच वर्षांत किती मुलगे, किती मुली जन्मल्या हे काढा. एका वर्षावर विसंबू नका. वीस जन्मांच्या गावात दोन मुली इकडेतिकडे झाल्या की प्रमाण उलटेपालटे होते. पाच वर्षांची बेरीज घ्या, शेजारच्या दहा गावांची एकत्र घ्या. सातवीनंतर शाळा सोडलेल्या मुली शाळेच्या पटावरून मोजा. सातबाऱ्यावर बाईचे नाव किती ठिकाणी आहे ते तलाठ्याकडून घ्या. २०१५-१६ च्या कृषी गणनेत देशातल्या शंभर वहितीदारांत जेमतेम चौदा स्त्रिया होत्या. नोंद मिळत नसेल तर माहितीचा अधिकार आहे, आणि त्याची चळवळ याच जिल्ह्यात वाढली. आलेला हिशेब ग्रामसभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात लिहायला लावा.

जनगणनेचा प्रगणक दारात येईल तेव्हा उत्तर घरातल्या बाईने द्यावे. ती शेतात राबते, मजुरीला जाते, तर 'घरकाम' असे लिहू देऊ नका. २०२४ च्या वेळ-वापर सर्वेक्षणात घरकाम करणारी बाई दिवसाला २८९ मिनिटे बिनमोल राबते आणि पुरुष ८८ मिनिटे, असे आढळले. ते श्रम निदान कागदावर तरी यावेत.

आणि हा हिशेब दुसऱ्याच्या घरापासून सुरू करू नका. २०११ च्या जनगणनेत देशातल्या बौद्ध स्त्रियांची साक्षरता ७४ टक्के होती, सर्व स्त्रियांची ६४.६. धम्माने काय दिले हे विचारणाऱ्यांना हे उत्तर आहे, ते ताठ मानेने द्या. पण बौद्धांतही लहान मुलांमध्ये हजारामागे मुली ९३३ च होत्या. काही यंत्रे आपल्याही घरापर्यंत पोहोचली आहेत. आपल्या विहार समितीत, जयंती मंडळात, पक्षाच्या तालुका कार्यकारिणीत स्त्रिया किती, आणि त्यातल्या किती जणींच्या हातात हिशेबाची वही आहे? येत्या १४ एप्रिलला मिरवणुकीच्या खर्चाबरोबर हा आकडाही प्रत्येक मंडळाने फलकावर लिहावा. जे मंडळ लिहील त्याचा फलक आम्ही या पानावर छापू. जे लिहिणार नाही, त्याने बाबासाहेबांच्या प्रतिमेला हार घालण्यापूर्वी का लिहिले नाही ते आपल्या वस्तीतल्या बायांना सांगावे.